एकच स्टुडिओ अल्बम काढून थांबलेला चांगला सिंथ-पॉप (म्हणजे सिंथेसायझरच्या सुरांवरचं पॉप) बँड कोणता? आणि त्यांनी दुसरा का नाही काढला?

मी डोळे झाकून द पोस्टल सर्व्हिसचं नाव घेईन. त्यांचा 'गिव्ह अप' फेब्रुवारी २००३ मध्ये सिएटलच्या सब पॉप कंपनीने काढला. दहा गाणी, जेमतेम पाऊण तास. वीस वर्षं उलटून गेली, पण मला तो अजून पुरलेला नाही.

बँडच्या नावातच त्याची जन्मकथा आहे. बँडमधला जिमी टॅम्बोरेलो राहायचा लॉस एंजेलिसला, गायक बेन गिबर्ड सिएटलला. २००१ मध्ये जिमीच्या एका अल्बमसाठी दोघांनी मिळून एक गाणं केलं, ते जमून आलं आणि पुढचं सगळं पोस्टाने सुरू झालं. जिमी बीट्स आणि सिंथचे तुकडे रचून पाठवायचा. बेन ते ऐकून कुठे कापायचा, कुठे मागचं पुढे करायचा, चाल बांधून शब्द बसवायचा आणि पाकीट परत धाडायचा. हे ऐकताना जाणवतं. वाद्यं यंत्राची आहेत, पण वर गाणारा माणूस जणू पत्र लिहितोय.

'सच ग्रेट हाइट्स' मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या इअरफोनची एक बाजू बंद होती. सुरुवातीचे टिपटिप पडणारे सूर मला तुटक वाटले होते. नवे इअरफोन आणले तेव्हा कळलं, ते सूर या कानातून त्या कानात उड्या मारतात. एका बाजूने हाक, दुसरीकडून ओ. त्या दिवशी ते गाणं मी किती वेळा लावलं ते मोजलं नाही. 'नथिंग बेटर'मध्ये तर सरळ वादच आहे. बेन विनवण्या करतो आणि गायिका जेन वुड मध्येच येऊन त्याचं म्हणणं खोडून काढते.

प्रकाशनाच्या वेळी मोठा गाजावाजा झाला नाही. अल्बम तोंडोतोंडी पसरत गेला आणि २०१२ पर्यंत अमेरिकेत दहा लाख प्रतींचा टप्पा गाठून प्लॅटिनम झाला. मध्येच अमेरिकेच्या खऱ्या टपाल खात्याने नावावरून नोटीस धाडली. पण भांडण न वाढता समझोता झाला: नाव वापरायची परवानगी मिळाली आणि टपाल खातं आपल्या वेबसाइटवर हीच सीडी विकू लागलं! मला हा प्रसंग फार आवडतो.

आता दुसऱ्या अल्बमचं. बेनचा मुख्य बँड डेथ कॅब फॉर क्युटी. त्यांचा 'ट्रान्सअटलांटिसिझम' हा अल्बमही २००३ मध्येच आला आणि त्यांचं काम वाढतच गेलं. जिमीचंही स्वतःचं संगीत चालू होतं. दोघांनी पुन्हा प्रयत्न केला, पण काम पुढे सरकलं नाही. मला वाटतं, 'गिव्ह अप' फावल्या वेळात झाला, कुणी वाट पाहत नसताना. नंतर सगळेच वाट पाहायला लागले, आणि तसा निवांतपणा परत कुठून आणणार? २०१३ च्या दशकपूर्ती आवृत्तीत दोन नवी गाणी मिळाली, दौरा झाला, आणि त्याच वर्षी बँड थांबल्याचं त्यांनी सांगितलं. २०२३ मध्ये वीस वर्षांच्या निमित्ताने पुन्हा मंचावर आले, तेही याच दहा गाण्यांसाठी.

ऐकणार असाल तर 'द डिस्ट्रिक्ट स्लीप्स अलोन टुनाइट' या पहिल्याच गाण्यापासून ओळीने ऐका. आणि इअरफोनच्या दोन्ही बाजू चालू आहेत ना, ते आधी बघा.