गुंतवणूक म्हणून पहिलं घर घेताना भाडं पाहावं की भाववाढ?

भाडं पाहा, आणि तेही खर्च वजा जाता हातात उरणारं. भाव वाढला तर ती वरची कमाई समजा. भाव कधी वाढेल हे आपल्या हातात नसतं, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. मी भाड्याच्या मालमत्तांचे हिशेब पाहतो. नवखे लोक बहुतेक वेळा महिन्याच्या भाड्याला बाराने गुणून किमतीने भागतात आणि तिथेच फसतात. किंमत 100 आणि वर्षाचं भाडं 5 धरा. घर एक महिना रिकामं राहिलं की उरले 4.6. देखभाल, मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती यांत 1 गेला, उरले 3.6. नोंदणी, दलाली वगैरे धरून घर पडलं 107 ला, म्हणजे परतावा जेमतेम 3.4 टक्के. (प्राप्तिकर अजून धरलेलाच नाही!) कर्जाचा व्याजदर याहून जास्त असेल तर फरक तुमच्या खिशातून जाणार, म्हणून सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढल्याशिवाय सही करू नका. कागदपत्रं तपासायला वकील स्वतःचा नेमा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

मोकळ्या जमिनीला हे गणित लागू नाही. तिथे सारी भिस्त भाववाढीवरच असते, त्यामुळे ती कर्ज काढून घेऊ नये.