एनटीएमचे रुग्ण खरंच वाढताहेत का?

प्रश्न : क्षयाच्या जंतूचे भाऊबंद असलेल्या ‘एनटीएम’ जंतूंमुळे होणारे फुप्फुसांचे संसर्ग दहा वर्षांत दुप्पट झाल्याचं एका अहवालात वाचलं. ही साथ समजायची का?

उत्तर : नाही. हे जंतू माती-पाण्यात आणि नळ-शॉवरच्या आत साचणाऱ्या बुळबुळीत थरात राहतात. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाहीत. तरी वाढ खोटी नाही. अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा असलेल्या ६५ वर्षांवरच्या लोकांत १९९७ साली लाखामागे २० रुग्ण होते, २००७ मध्ये ४७. वाढतं वय आणि फुप्फुसांचे जुने आजार ही त्यामागची खरी कारणं. पण सीटी स्कॅन आणि द्रव माध्यमातलं कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं) वाढलं की पूर्वी निसटणारे रुग्णही सापडतात.

म्हणून अहवालात नेमकं काय मोजलंय ते आधी बघा. समजा, १,००० नमुन्यांत २० पॉझिटिव्ह होते आणि आता २,५०० नमुन्यांत ५० आहेत. आकडा अडीचपट झाला, प्रमाण मात्र तेच २ टक्के! एकाच रुग्णाचे चार रिपोर्ट चारदा मोजले असतील, तर तो आकडा बाजूलाच ठेवा.

शिवाय जंतू सापडणं म्हणजे आजार नव्हे. नमुना देण्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरली, तरी मायकोबॅक्टेरियम गॉर्डोनीसारखा निरुपद्रवी जंतू कल्चरमध्ये उगवू शकतो. आजार म्हणायला लक्षणं हवीत, सीटीत गाठी, पोकळी किंवा रुंदावलेल्या श्वासनलिका दिसायला हव्यात आणि थुंकीच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच प्रजाती सापडायला हवी.

नवे रुग्ण आणि एकूण रुग्ण यांतही गल्लत होते. थुंकी जंतुमुक्त झाल्यावरही साधारण वर्षभर औषधं चालतात आणि आजार उलटतोही. त्यामुळे नव्यांची संख्या स्थिर असली, तरी जुने रुग्ण यादीत साठत जातात.

प्रश्न : थुंकीचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) पॉझिटिव्ह, पण जीन-एक्सपर्ट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) निगेटिव्ह. क्षयाची औषधं सुरू करायची का?

उत्तर : घाई नको. स्मिअरमध्ये क्षयाचे आणि एनटीएम, दोन्ही जंतू सारखेच दिसतात. एक्सपर्ट फक्त क्षयाचा ओळखतो. कल्चर करून प्रजाती ओळखून घ्या, डॉक्टरांना एनटीएमबद्दल स्पष्ट विचारा. एनटीएमपैकी नेहमी आढळणाऱ्या एमएसी या जंतूंच्या गटावर ॲझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल एकत्र देतात. एकटं ॲझिथ्रोमायसिन दिलं, तर जंतू त्याला दाद देईनासा होतो आणि पुढचे उपचार फार अवघड होऊन बसतात.