दोनच पेग घ्यायचे ठरवूनही पाच-सहा होतात. प्रमाण कसे सांभाळावे?

मित्रांसोबत बसताना दोनच पेग घ्यायचे असे ठरवूनही पाच-सहा होतात, तेव्हा प्रमाण कसे सांभाळावे आणि आग्रह करणाऱ्यांना काय सांगावे, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण 'तशी मला फारशी चढत नाही' असेही लिहिले आहे. मी हे उत्तर मुख्यतः त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे, कारण त्याच वाक्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या बंधूंचा गेली अकरा वर्षे वाद चालू आहे.

बंधूंचे म्हणणे असे की, ज्याचा तोल जात नाही आणि ज्याची जीभ अडखळत नाही त्याला चढलेली नसते, आणि ज्याला चढत नाही त्याने पेग मोजत बसू नये. मीही अनेक वर्षे हेच मानत होतो. पुतण्याला नोकरी लागली त्या रात्री आम्ही माझ्या घरी बसलो होतो. माझा ग्लास अर्ध्यावर आला की बंधू तो पुन्हा भरत होते, त्यामुळे किती झाले हे मला त्या वेळी सांगताच आले नसते. दुसऱ्या दिवशी बाटल्या पाहून हिशेब केला, तेव्हा 3 तासांत माझ्या वाट्याला 60 मिलिलिटरचे सुमारे सहा पेग आले होते, आणि जेवण सर्वांत शेवटी झाले होते.

सकाळी चहा घेताना वडील मला म्हणाले, "रात्री बोललो ते लक्षात ठेव." मला त्यातले काहीही आठवत नव्हते. पत्नीला विचारले, तेव्हा तिने सांगितले की, रात्री मी वडिलांच्या पलंगाच्या कडेला बसलो होतो, त्यांना पाणी दिले होते, ते बोलत होते आणि मी मध्ये मध्ये प्रश्नही विचारत होतो. हे अर्धा तास तरी चालले होते. ती दारापर्यंत आली आणि बापलेकांचे बोलणे चालले आहे असे पाहून माघारी फिरली. माझे वडील फार कमी बोलत. त्यांनी मला असे जवळ बसवून काही सांगितल्याचे त्याआधी कधी घडलेच नव्हते. मी सकाळी नुसते 'हो' म्हणालो. 'काय बोललात ते पुन्हा सांगा' असे म्हणण्याची मला लाज वाटली, कारण तसे म्हणणे म्हणजे रात्री मी शुद्धीत नव्हतो हे कबूल करणे होते. पुढे केव्हातरी विचारू, असे म्हणत दिवस गेले आणि दीड वर्षाने वडील वारले.

बंधूंना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तू व्यवस्थित बोलत होतास, म्हणजे तुला चढली नव्हती. विसरला असशील." हे साफ चुकीचे आहे. विसरण्यासाठी गोष्ट आधी नोंदली जावी लागते. रक्तातील मद्यार्क झपाट्याने वाढला की मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठवणे थांबवतो, आणि तरीही माणूस चालतो, बोलतो, समोरच्याच्या प्रश्नांना उत्तरे देतो. यालाच ब्लॅकआउट म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो ओळखता येत नाही, आणि वडिलांनाही आला नाही. मी झिंगलेला दिसलो असतो तर ते त्या रात्री बोललेच नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, 'चढत नाही' ही अभिमानाची गोष्ट नाही. नियमित पिण्याने मेंदूला दारूची सवय होते, एवढाच तिचा अर्थ बहुधा असतो. यकृताला त्यातून काही सूट मिळत नाही. 40 टक्के मद्यार्क असलेल्या दारूच्या 60 मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे 19 ग्रॅम मद्यार्क असतो, आणि यकृत साधारणपणे तासाला 7 ते 10 ग्रॅम एवढाच हातावेगळा करते. कॉफी पिऊन किंवा गार पाण्याने अंघोळ करून हा वेग वाढत नाही. माझ्या त्या सहा पेगांमधून सुमारे 114 ग्रॅम मद्यार्क शरीरात गेला आणि 3 तासांत फार तर 30 ग्रॅम निघाला.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. किती घ्यायची हे पहिल्या घोटाआधीच ठरले पाहिजे, कारण दारूचा परिणाम सर्वांत आधी निर्णयशक्तीवरच होतो. दोन पेग झाल्यावर 'तिसरा घ्यावा का' हा प्रश्न विचारायला आपण मूळचे राहिलेले नसतो. आधी पोटभर जेवावे. मद्यार्क मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जातो आणि भरलेले पोट त्याला तिथपर्यंत हळूहळू पोहोचू देते. आपला पेग आपणच मापाने भरावा आणि ग्लास पूर्ण रिकामा झाल्याशिवाय त्यात कोणालाही एक थेंबही ओतू देऊ नये. ही शेवटची गोष्ट मला इतर सर्वांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण मोजणी चुकते ती तिथेच. दोन पेगांच्या मध्ये पाणी प्यावे. आग्रह करणाऱ्याला कारणे देत बसू नये. प्रत्येक कारणावर त्याच्याकडे उत्तर तयार असते, आणि जो आपले 'पुरे' ऐकत नाही तो त्या घटकेला आपला पाहुणचार करत नसतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. प्रमाणात घेतलेली दारू निर्धोक असते, असे मी म्हणत नाही. मद्य 1988पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे अशा पदार्थांत आहे, आणि दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी चालवायची असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर एक पेगही घेऊ नये. रोज पिणाऱ्या माणसाचे हात सकाळी थरथरत असतील, घाम फुटत असेल आणि ते दारू घेतल्यावरच थांबत असेल, तर माझा वरचा सल्ला त्याच्या उपयोगाचा नाही. त्याने एकाएकी बंदही करू नये, कारण त्यातून झटके येऊ शकतात आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. त्यासाठी औषधे उपलब्ध आहेत. मात्र घरच्यांनी ती त्याला नकळत जेवणातून देऊ नयेत. त्यांपैकी डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर प्रकृती गंभीर होऊ शकते.

बंधू आजही माझ्याकडे येतात आणि आम्ही बसतो. दुसरा पेग संपला की मी उठून माझा ग्लास धुतो आणि पालथा घालून ठेवतो. पहिल्या वर्षी ते यावरून रागावून जेवणाआधीच निघून गेले होते. आता रागावत नाहीत, परंतु त्या रात्री मला चढली नव्हती, हे त्यांचे म्हणणे अजूनही कायम आहे.