तगरीच्या मुळ्यांच्या काढ्याने ब्राउन शुगरचे व्यसन सुटेल का?

ब्राउन शुगरच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या अशुद्ध हेरॉइनच्या, व्यसनात अडकलेल्या धाकट्या भावाला तगरीच्या मुळ्यांचा काढा द्यावा का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. तगर आणि आफ्रिकेतील इबोगा एकाच कुळातील आहेत आणि तगरीतील कोरोनॅरिडिन हे इबोगातील इबोगेनच्या जवळचे अल्कलॉइड (वनस्पतीतील औषधी किंवा विषारी परिणाम करणारे रसायन) आहे, एवढे खरे. १९६२ साली हॉवर्ड लॉट्सॉफ या अमेरिकी तरुणाची हेरॉइनची ओढ इबोगेन घेतल्यावर ओसरली आणि तेथून इबोगेनविषयीचे कुतूहल वाढले. परंतु तेच इबोगेन हृदयाची लय बिघडवते आणि त्याने माणसे दगावली आहेत.

‘झाडपाला निर्धोक, गोळी म्हणजे दुसरी नशा’ हे वाक्य आमच्या कळव्याच्या घरात काकांनी वर्षानुवर्षे ऐकवले. माझा भाऊ ब्राउन शुगरमध्ये अडकला होता. मानसोपचारतज्ज्ञांनी हेरॉइनची तलफ आवरणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केल्यावर तो शांत झोपू लागला, तुर्भ्याच्या बाजारात पुन्हा कामाला जाऊ लागला आणि आईच्या हाती पगार देऊ लागला. काकांना मात्र हे सुटणे वाटेना. त्यांनी गोळी बंद करवून त्याला पनवेलच्या पुढे एका वैदूकडे नेले, कसलेसे चूर्ण सुरू केले, आणि काही आठवड्यांतच तो पुन्हा पावडरकडे वळला. खंड पडला की शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्राही श्वास बंद पाडू शकते, आणि तसेच झाले. वेळेवर रुग्णालयात पोहोचलो म्हणून तो वाचला. आज तो पुन्हा त्याच गोळीवर आहे आणि कामावर आहे.

काकांनी ज्या गोळीला ‘केमिकल’ म्हणून नावे ठेवली, ती अफूच्या चिकातील थिबेन या अल्कलॉइडपासूनच बनवतात. अफूजन्य द्रव्यांची नशा चढू न देणारे नाल्ट्रेक्सोन हे औषधही थिबेनपासूनच बनते. तंबाखू सोडण्यासाठी दिले जाणारे सायटिसिन लॅबर्नमच्या बियांतले. म्हणजे वनस्पतींनी या उपचारात आधीच मोठा वाटा उचलला आहे, फक्त शुद्ध करून, मात्रा मोजून आणि माणसांवर तपासून. घरच्या काढ्यात यांपैकी एकही गोष्ट होत नाही.

या गोळीचाही गैरवापर होतो, एमडीच्या (मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाच्या) व्यसनावर ती चालत नाही आणि नाल्ट्रेक्सोन तर अंगातील अफूजन्य द्रव्य पूर्ण उतरल्याशिवाय देता येत नाही. म्हणून हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. घरातील कोणी वडीलधारे ‘गोळी कधी सुटणार’ म्हणून भावाच्या मागे लागले, तर त्यांची स्वतःची रक्तदाबाची गोळी कधी सुटणार, हे त्यांना अवश्य विचारा. मी काकांना विचारले होते. ते अद्याप उत्तर देत नाहीत.