गोळ्या कशासाठी, हे त्याला कसे सांगू?

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे आहे. त्याचे आई-वडील एचआयव्हीने गेले. त्यालाही जन्मापासून लागण आहे आणि एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या सरकारी केंद्रातून) औषधे चालू आहेत. 'तुझ्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून या गोळ्या', असेच आम्ही सांगत आलो. आता तो तेरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या गादीखाली अकरा गोळ्या सापडल्या. विचारले तर म्हणाला, "रक्त वाढायला नऊ वर्षे लागतात का?" त्याला खरे सांगावे का? तो खचला तर?
— एक मावशी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, सांगा, आणि आता उशीर करू नका. नऊ वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या मुलाला संशय आलेला नाही, असे समजू नका. बाटलीवरचे लेबल घरात कितीही खरवडून काढले, तरी केंद्राच्या दारावरची पाटी मुले वाचतातच. समुपदेशन करताना मला भेटलेली नववीतली एक मुलगी, आजी अडखळत सारे सांगत असताना, शांत बसून होती. शेवटी आजीचा हात धरून ती म्हणाली, "मला सातवीतच कळले होते. तू रडशील म्हणून बोलले नाही." दोन वर्षे त्या पोरीने हे एकटीने सोसले, याची रुखरुख मला आजही आहे.

शाळकरी वयातच मुलांना त्यांच्या आजाराचे नाव कळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितले आहे. मात्र ते एका बैठकीत उरकू नका. केंद्रातील समुपदेशकांशी आधी बोलून घ्या, आणि नाव तुमच्याच तोंडून, त्यांच्यासमोर, त्याच्या कानावर पडू द्या. तो चिडेल, अबोला धरेल, काही दिवस जेवणावरून उठून जाईल. हे खचणे नव्हे. त्याला वेळ द्या, पण एकटे सोडू नका.

पहिला प्रश्न बहुधा 'मी मरणार का?' हा येईल. रोज न चुकता औषध घेणारी मुले शिकतात, नोकरी करतात, लग्नही करतात, हे त्याला ठामपणे सांगा. त्याहून अवघड प्रश्न आईविषयीचा असतो: तिला माहीत होते का, तिने मला हे का दिले? येथे बहिणीची बाजू तुम्हालाच मांडावी लागेल. औषधे न मिळाल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. म्हणजे हा तिचा गुन्हा नव्हता आणि त्याचाही नाही. तिचा एखादा फोटो जवळ असेल, तर त्या दिवशी तो बाहेर काढा.

हे कोणाला सांगायचे, ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. शाळेला सांगण्याची सक्ती नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे आणि शाळेत भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

त्या अकरा गोळ्यांवरून मात्र त्याला रागावू नका. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्या घेऊन केंद्रात जा आणि डॉक्टरांना दाखवा, कारण डोस चुकत राहिले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. जाण्यापूर्वी मन मोकळे करावेसे वाटले, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.