एफएफएमपेग संपला तरी पायथन सीपीयू का खातो?

प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याकडच्या जत्रांमधल्या नाटकांची रेकॉर्डिंगं लहान करायला तुम्ही लिनक्सवर पायथन-टीकेइंटरचा (टीकेइंटर म्हणजे खिडक्या-बटणं बनवायची पायथनची लायब्ररी) प्रोग्राम केलाय. बटण दाबलं की तो एफएफएमपेग हा व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम चालू करतो, पण फाइल तयार झाल्यावरही टॉपमध्ये (कोण किती सीपीयू खातो ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) पायथन १०० टक्क्यांवरून हलत नाही.

काम चालू असताना एफएफएमपेगच्या ओळीत ३८० टक्के दिसले तर तो बिघाड नव्हे. टॉपमध्ये १०० म्हणजे एक कोअर. तुमच्याकडे चार आहेत आणि एन्कोडर मिळतील तेवढे घेतो. मशीन फारच जड होत असेल तर त्याला नाइस १० लावा (म्हणजे त्याचा अग्रक्रम खाली आणा), झालं. खरं दुखणं पायथनच्या ओळीत आहे. बरोबर १०० म्हणजे एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) कुठेतरी गरगरतोय.

कुठे, ते एसट्रेस दाखवतो; प्रोग्राम लिनक्सकडे काय काय मागतो ते तो ओळीओळीने छापतो. सुडो लावून त्याला 'उणे एफ, उणे पी' आणि पायथनचा पीआयडी (टॉपमधला प्रोसेस क्रमांक) द्या, दोन सेकंदांनी कंट्रोल-सी मारा. एकच ओळ धो धो वाहताना दिसेल. ती 'रीड' असेल आणि शेवटी '= ०' असेल, तर चोर सापडला. एफएफएमपेग गेला, त्याचं आउटपुट पायथनकडे आणणाऱ्या पाइपचं पलीकडचं टोक मिटलं; आता ओळ वाचणारी रीडलाइन थांबत नाही, रिकामी स्ट्रिंग तत्काळ परत देते, आणि तुमचा न थांबणारा 'व्हाइल ट्रू' लूप ती पुन्हा पुन्हा मागतो. एफएफएमपेग चालू असताना हाच थ्रेड ओळीची वाट बघत झोपलेला असतो, म्हणून तोवर सगळं शहाण्यासारखं चालतं. रिकामी स्ट्रिंग आली की ब्रेक करून लूपबाहेर पडा, मग एफएफएमपेगसाठी वेट बोलवा. मात्र ही तपासणी स्ट्रिप करण्याआधी (ओळीच्या कडेची रिकामी जागा छाटण्याआधी) हवी: नुसत्या कोऱ्या ओळीत न्यूलाइन असते, ती शेवट नव्हे. थ्रेडऐवजी टीकेइंटरचा क्रिएटफाइलहँडलर (पाइपमध्ये काही आलं की तुमचं फंक्शन बोलावणारा) वापरला असेल तरी रोग तोच. शेवट आला की डिलीटफाइलहँडलर बोलवावाच लागतो.

काम चालू असतानाही पायथन १०० वर असेल आणि एसट्रेसमध्ये 'वेट४'च्या ओळी 'डब्ल्यूनोहँग'सह धावत असतील, तर तुम्ही लूपमध्ये पोल, म्हणजे 'एफएफएमपेग संपला का?', विचारत बसलाय. रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून क्षणाक्षणाला 'फेरी आली काय?' विचारण्यातली गत. त्या लूपमध्ये टाइम.स्लीप घालू नका. सीपीयू उतरेल, पण मुख्य थ्रेड झोपला की खिडकी गोठते. रूटच्या (मुख्य खिडकीच्या) आफ्टरला, म्हणजे ठरावीक वेळाने फंक्शन बोलावणाऱ्या सोयीला, २०० मिलिसेकंद द्या, त्या फंक्शनमध्ये पोल एकदाच विचारा, उत्तर नन (अजून चालू आहे) आलं तर पुन्हा आफ्टर लावा. वाचणाऱ्या थ्रेडने विजेटला (खिडकीतल्या बटण-लेबलांना) हात लावू नये. त्याने ओळी क्यूमध्ये (रांगेत) टाकाव्यात, आणि याच फंक्शनने त्या काढून दाखवाव्यात.

वैतागून वाचणंच काढून टाकाल आणि पाइप तसाच ठेवाल, तर उलटं होईल: लिनक्सवर पाइप साधारण ६४ केबीला भरतो, एफएफएमपेग लिहिता लिहिता अडकतो आणि सीपीयू शून्यावर येतो. आउटपुट नकोच असेल तर स्टडआउट, स्टडएरर (प्रोग्रामचं साधं आउटपुट आणि त्रुटींचे संदेश) दोन्ही डेव्हनलकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या जागेकडे, वळवा.