गरम पाण्यात साखर भरपूर विरघळते, मग मीठ का नाही?

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम 39. साखर मात्र 20 अंशांना 200 ग्रॅमच्या आसपास आणि उकळत्या पाण्यात 480च्या घरात! म्हणूनच घट्ट पाक थंड झाला की जास्तीची साखर पातेल्याच्या कडेला खडे धरते. पाक उकळताना थोडं लिंबू पिळलं, तर आम्लामुळे काही साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग खडे सहज धरत नाहीत. मिठाचं द्रावण नुसतं थंड करून फारसं मीठ मिळत नाही, पाणीच उडवावं लागतं. मिठागरात ऊन तेच काम करतं. आणि ढवळण्याने फक्त विरघळण्याचा वेग वाढतो, मर्यादा नाही.